विरार–डहाणू चौपदरीकरण : पर्यावरण तपासणीचा एक प्रकरण अभ्यास

या अभ्यासात प्रकल्प, ठिकाणे आणि सार्वजनिक संस्था यांची नावे आहेत. अधिकारी, गावकरी, सल्लागार यांपैकी कोणाचेही नाव दिलेले नाही. प्रश्न व्यक्तींचा नसून निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले त्या क्रमाचा आहे, अशी माझी भूमिका आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम रेल्वेची लोकल अनेक दशके विरारला संपत असे. त्यापुढच्या वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड या स्थानकांवरील प्रवाशांची भिस्त शटलवर आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या मोजक्या थांब्यांवर होती. एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. पुढच्याच वर्षी, 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि प्रवासाला नवी दिशाही मिळाली. मुंबईकडे नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या जोडीला तारापूर औद्योगिक वसाहतीसाठी बोईसरला येणारे कामगार होतेच, त्यांत आता जिल्हा कार्यालयांचे कर्मचारी आणि कामे घेऊन येणारे नागरिक यांची भर पडली. मालडब्यात सातपाटीच्या मासळीच्या पाट्या, डहाणू-घोलवडचे चिकू आणि केळव्याची विड्याची पाने हा या मार्गाचा जुना व्यवहार आहे, आणि गाडी चुकली तर त्या दिवसाचा मालही बाजार चुकतो.

अडचण रुळांची होती. विरारपर्यंत चार मार्ग आणि विरारच्या पुढे दोनच, त्यातही हाच मुंबई–दिल्ली मुख्य मार्ग. राजधानी, गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या आणि मालगाड्या यांतून उरलेल्या वेळेत लोकल बसवायची असल्यामुळे फेऱ्या वाढवण्याची प्रत्येक मागणी याच उत्तरापाशी येऊन थांबत असे. डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला, म्हणजे एमयूटीपी-3 ला, मंजुरी दिली. सुमारे 10,947 कोटी रुपयांच्या या टप्प्यात विरार ते डहाणू रोड या सुमारे 64 किलोमीटरच्या अंतरात तिसरा व चौथा मार्ग टाकण्यासाठी 3,578 कोटी रुपयांची तरतूद होती. काम मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे आले. आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेच्या 50 कोटी डॉलर कर्जाचा करार ऑगस्ट 2020 मध्ये झाला.

प्रवाशांची गरज खरी होती आणि आजही आहे, हे आधीच स्पष्ट करतो. पुढील चिकित्सा हा मार्ग नको म्हणणाऱ्याची नाही.

समस्या

ज्या भूभागातून हे रूळ जातात तो तीन कारणांनी नाजूक आहे. विरारच्या उत्तरेला वैतरणा खाडी आहे. तिच्या काठाने कांदळवने, मिठागरे आणि भरतीच्या पाण्यावर चालणारी खाजणे, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते, पसरली आहेत. उत्तर टोकाचा डहाणू तालुका 20 जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 ऑक्टोबर 1996 च्या निकालानंतर तेथे एका निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. तिसरे कारण म्हणजे हा मोठ्या प्रमाणावर आदिवासी वस्तीचा पट्टा आहे. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तेथे ग्रामसभेला पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या, कायद्याने विशेष स्थान आहे.

असे असूनही रेल्वेमार्गाला पर्यावरणीय मंजुरी लागत नाही. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या अनुसूचीत महामार्ग, विमानतळ आणि बंदरे आहेत, रेल्वेमार्ग नाहीत. त्यामुळे महामार्गाला जी तपासणी आणि जी जाहीर जनसुनावणी कायद्याने बंधनकारक ठरू शकते, ती त्याच्या शेजारून जाणाऱ्या रेल्वेला लागू होत नाही. राहतात त्या सुट्या परवानग्या : किनारा नियमन क्षेत्राची, वनजमिनीची, कांदळवनांसाठी मुंबई उच्च न्यायालयाची आणि डहाणूपुरती प्राधिकरणाची. यांतील प्रत्येक यंत्रणा आपल्या हद्दीतला तुकडा पाहते. 64 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाल्यावर या जिल्ह्याचे काय होईल, हा प्रश्न यांपैकी कोणाच्याही कक्षेत बसत नाही. या प्रकरणाची मूळ समस्या मला इथे दिसते.

कोणते पर्याय होते

कागदावर चार वाटा होत्या. जुन्या मार्गाला खेटून दोन नवे मार्ग टाकणे ही पहिली, आणि तीच निवडली गेली. बरीचशी जमीन रेल्वेची असल्याने विस्थापन कमी होते, स्थानके जागच्या जागी राहतात आणि नवा भूभाग तोडावा लागत नाही. पर्यावरणाच्या निकषावरही पूर्णपणे नवी आखणी करण्यापेक्षा ही वाट उजवी ठरते, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. स्वतंत्र नवी आखणी ही दुसरी वाट होती आणि ती खर्च व जमीन या दोन्ही बाजूंनी लवकरच बाद व्हावी अशीच होती.

तिसऱ्या वाटेवर मात्र अधिक थांबायला हवे होते. जवाहरलाल नेहरू बंदरापासून दादरीपर्यंतचा पश्चिम समर्पित मालवाहू मार्ग याच जिल्ह्यातून जातो. तो सुरू झाल्यावर मालगाड्यांचा भार जुन्या मार्गावरून त्याच्याकडे वळेल, हाच त्या मार्गाचा हेतू. मोकळी होणारी क्षमता, सुधारित सिग्नल यंत्रणा आणि जास्त डब्यांच्या गाड्या एकत्र धरल्या तर फेऱ्या किती वाढतात आणि तेवढ्यावर किती वर्षे निभावता येते, हे गणित चौपदरीकरणाच्या शेजारी मांडून लोकांसमोर ठेवता आले असते. कदाचित त्यातूनही चौपदरीकरणच योग्य ठरले असते. दिल्ली मार्गावरील प्रवासी गाड्यांची संख्या पाहता तसे होण्याची शक्यता मोठी आहे. पण पर्याय मोजून बाजूला सारणे आणि तो न मोजता पुढे जाणे यांत, पुढे न्यायालयात उभे राहायची वेळ आली की, मोठा फरक पडतो.

याचे उदाहरण फार दूरचे नाही. कर्नाटक–गोवा सीमेवरील कॅसलरॉक–कुळे रेल्वे दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली, कारण पश्चिम घाटाच्या त्या पट्ट्यातून जाण्याची गरज आणि परिणाम पुरेसे सिद्ध केले गेले नव्हते. तिथला प्रदेश वेगळा आणि कायदाही वेगळा, तरी न्यायालय प्रथम काय विचारते ते या निकालातून कळते.

चौथी वाट टप्प्याटप्प्याने बांधण्याची होती : आधी विरार–पालघर, कारण स्थानिक वाहतुकीचा ताण तिथे जास्त, आणि डहाणूचा भाग तालुक्याचे प्रश्न सोडवून नंतर. संपूर्ण मार्ग एकाच मंजुरीत आणि एकाच कर्जात धरला गेल्यामुळे या वाटेला जागाच उरली नाही.

तपासणी प्रत्यक्षात कशी झाली

संपूर्ण मार्गाचा एकत्रित पर्यावरणीय व सामाजिक अभ्यास झाला तो कर्ज देणाऱ्या बँकेच्या धोरणामुळे. देशाच्या कायद्याने जे मागितले नाही ते सावकाराने मागितले. या परंपरेला मुंबईत पूर्वपीठिका आहे. एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यात जागतिक बँकेचे कर्ज होते आणि रुळांलगतच्या हजारो कुटुंबांच्या पुनर्वसनाबद्दल तक्रारी झाल्या. बँकेच्या तपासणी मंडळाचा अहवाल आल्यानंतर मार्च 2006 मध्ये बँकेने कर्जाचे काही हप्ते थांबवले आणि सुधारणा झाल्यावर जूनमध्ये पुन्हा सुरू केले. रेल्वे आणि राज्य शासन या दोघांनाही तेव्हापासून ठाऊक आहे की बँकेची अट ही नुसती कागदावरची अट नसते.

तरीही कर्ज देणाऱ्या बँकेच्या तपासणीला एक अंगभूत मर्यादा आहे. तिची सुरुवात प्रकल्प ठरल्यानंतर होते. मंजुरी 2016 ची आणि कर्जाचा करार 2020 चा, हा क्रम पाहिला तर अभ्यास करणाऱ्यांना आखणी बदलण्याचा अधिकार नव्हता हे उघड आहे. परिणाम कमी कसे करायचे एवढेच त्यांच्या हाती होते. शिवाय असा अभ्यास प्रकल्पाच्या पट्ट्यापुरता राहतो. रुळांपासून ठरावीक अंतरातली झाडे, घरे, विहिरी, शाळा मोजल्या जातात, आणि स्थानकापासून दोन किलोमीटरवर दहा वर्षांनी उभे राहणारे नगर त्यात येत नाही.

जमिनीचा भाग त्यामानाने सरळ गेला, निदान तत्त्वतः. खासगी जमिनीसाठी थेट वाटाघाटीने खरेदी करण्याची पद्धत राज्यात उपलब्ध होती आणि ती सक्तीच्या संपादनापेक्षा लवकर पार पडते. मात्र आदिवासी खातेदाराची जमीन जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ खाली येते आणि तिचे हस्तांतरण परवानगीशिवाय होत नाही. वनजमिनीच्या बाबतीत फेब्रुवारी 2013 च्या केंद्रीय परिपत्रकाने रस्ते, रेल्वे, कालवे अशा रेषीय प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली, परंतु जिथे आदिम जमातींचे मान्य हक्क बाधित होतात तिथे ती सूट नाही. कातकरी ही महाराष्ट्रातील अशी एक जमात आहे आणि पालघर जिल्ह्यात तिची वस्ती आहे. सूट लागू आहे असे गृहीत धरण्यापूर्वी गावनिहाय पडताळणी करणे हा प्रक्रियेतला किरकोळ सोपस्कार नाही, तो निर्णयाचा मुद्दा आहे.

वैतरणा खाडीचा प्रश्न

खाडीवरचे 92 आणि 93 क्रमांकाचे पूल हा या मार्गातील सर्वांत नाजूक भाग. नव्या मार्गांसाठी तिथे नवे पूल लागतात आणि पुलांच्या दोन्ही बाजूंच्या भरावासाठी कांदळवनांना हात लावावा लागतो. ऑक्टोबर 2005 च्या अंतरिम आदेशाने आणि नंतर 17 सप्टेंबर 2018 च्या निकालाने मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीवर राज्यभर बंदी घातली आहे. सार्वजनिक हितासाठी ती आवश्यक आहे असे न्यायालयाला पटले तरच परवानगी मिळते. किनारा नियमनाच्या अटींनुसार बाधित क्षेत्राच्या किमान तिप्पट क्षेत्रावर भरपाई लागवड करावी लागते.

या चौकटीने बरेच साधले आहे, कारण तिच्यामुळे प्रकल्प यंत्रणेला कांदळवनाचा प्रत्येक तुकडा मोजावा लागतो आणि तोड कमी करून दाखवावी लागते. पण झाडांवर लक्ष केंद्रित झाले की पाणी मागे पडते. खाजणातले पाणी कसे चालते ते जवळून पाहिले तर हे लक्षात येते. शेताभोवती मातीचा बांध असतो आणि बांधात उघाडी बसवलेली असते. ओहोटीला तिची फळी पाण्याच्या रेट्याने बाहेर ढकलली जाऊन पावसाचे पाणी खाडीत उतरते, भरतीला तीच फळी उलट दाबली जाऊन खारे पाणी अडते. ही सारी रचना काही तासांच्या फटीवर चालते. शेत आणि खाडी यांच्यामध्ये रेल्वेचा भराव असला तर ते सगळे पाणी भरावाखालच्या मोरीतून तेवढ्या वेळात जावे लागते. भराव रुंद करताना जुनी मोरी त्याच मापाची ठेवून नुसती लांबवली, तर पाणी वाहायला जास्त वेळ घेते, गाळ आत बसतो आणि ओहोटी संपेपर्यंत शेत रिकामे होत नाही. शेजारी मालवाहू मार्गाचा दुसरा भराव असेल तर दोहोंच्या मधली पट्टी पावसाळ्यात तळ्यासारखी भरते. नकाशावर दिसणाऱ्या तोडलेल्या झाडांपेक्षा हे नुकसान अधिक काळ टिकते. त्याला स्वतंत्र परवानगी लागत नाही आणि भाताचे पीक गेल्याशिवाय त्याची नोंदही होत नाही.

पुलांचा आणखी एक संबंध माणसांशी आहे. वाढीव हे गाव पाण्याने वेढलेले आहे. तेथील रहिवासी वर्षानुवर्षे होडीने किंवा रेल्वेच्या पुलावरून चालत वैतरणा स्थानक गाठत आले आहेत. शाळेची मुले, आजारी माणसे, बाजारहाट करून परतणाऱ्या बाया यांच्यासाठी रेल्वेचा पूल हाच रस्ता आहे, आणि रेल्वेच्या नियमाने मात्र ते रुळांवर अतिक्रमण आहे. त्याच एमयूटीपी-3 मध्ये रूळ ओलांडण्यामुळे होणारे मृत्यू टाळण्यासाठी वेगळी तरतूद होती. नव्या पुलांची आखणी करताना गावाचा पायी रस्ता आणि रुळांवरील अतिक्रमण या दोन बाबी एकत्र ठेवण्याची ही जागा होती. रेल्वेचा पूल रेल्वेसाठी आणि गावाचा रस्ता जिल्हा परिषदेसाठी, ही विभागणी कागदावर बरोबर असली तरी वाढीवच्या माणसाला दोन्हींमधल्या जागेतून चालावे लागते.

डहाणू : आधीच भरलेला तालुका

डहाणू प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने जुलै 2023 मध्ये नव्या स्वरूपातील बंदराला ना हरकत दिली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला त्याचे भूमिपूजन झाले. या काळात जिल्ह्यात समर्पित मालवाहू मार्ग, मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग यांची कामे उभी राहिली. चौपदरीकरण हे या यादीतील सर्वांत कमी वादाचे काम, कारण त्याचा लाभ थेट स्थानिक प्रवाशाला मिळणार आहे. पण माती एकाच प्रकल्पाची नसते. भरावासाठीचा मुरूम त्याच टेकड्यांतून निघतो, तेच ओढे पाच ठिकाणी अडतात आणि त्याच पाड्यावर वेगवेगळ्या खात्यांचे भूसंपादन अधिकारी वेगवेगळ्या नोटिसा घेऊन येतात. एकत्रित आघाताचा अभ्यास करण्याचा अधिकार आणि अनुभव या जिल्ह्यात ज्या एका संस्थेकडे होता, त्या प्राधिकरणाची कक्षा डहाणू तालुक्यापुरती. खाडी, सफाळे, पालघर, बोईसर तिच्या बाहेर.

रूळ टाकल्यावर काय येते

एका परिणामाकडे या सगळ्या तपासणीत सर्वांत कमी लक्ष गेले. बोरिवली–विरार चौपदरीकरण 2007 मध्ये पूर्ण झाले. त्या पट्ट्यात, म्हणजे वसई, नालासोपारा, विरारला, इमारती आधीपासून उभ्या राहत होत्याच. गाड्या वाढल्यावर वेग वाढला. वसई-विरार महापालिका 2009 मध्ये स्थापन झाली, म्हणजे लोकवस्ती आधी आणि तिची व्यवस्था पाहणारी पालिका नंतर. अनधिकृत बांधकामे, पाण्याची टंचाई आणि पावसाळ्यात तुंबणारे रस्ते हा त्या क्रमाचा परिणाम आहे, आणि तो सोसणारी माणसे घरासाठी आयुष्यभराची पुंजी घातलेली आहेत.

पाण्याचा हिशेब तर आणखी कठीण आहे. सूर्या प्रकल्पाचे धरण याच जिल्ह्यात, पण त्याचे पाणी वसई-विरार आणि मिरा-भाईंदरकडे नेण्याची योजना राबवली गेली आणि सिंचनाचे पाणी कमी होईल म्हणून पालघरच्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. आता लोकलच्या फेऱ्या वाढल्या की सफाळे, केळवे रोड, उमरोळी या आज निमग्रामीण असलेल्या स्थानकांभोवती तीच वस्ती सरकणार. त्या वस्तीला पाणी कुठून द्यायचे, हा प्रश्न रेल्वेच्या कोणत्याही परवानगी अर्जात विचारला जात नाही, कारण तो रेल्वेचा प्रश्न समजला जात नाही. पालघरजवळ कोळगाव येथे सिडकोने जिल्हा मुख्यालय बांधले आणि नवनगराची आखणी केली. या एका ठिकाणी रेल्वे आणि नियोजन शेजारी उभे आहेत. इतर स्थानकांच्या परिसरात ग्रामपंचायती आहेत आणि त्यांच्याकडे नगररचनाकार नाहीत.

निष्पत्ती

2016 मध्ये मंजूर झालेला हा मार्ग 2025 उजाडले तरी पूर्ण झाला नव्हता. पूर्णत्वाची मुदत वारंवार पुढे गेली. वन, किनारा, कांदळवन आणि जमीन यांच्या परवानग्या एकामागून एक घेण्यात गेलेला वेळ हे त्याचे एक मोठे कारण आहे. यावरून पर्यावरणाच्या अटींमुळे विलंब झाला असा निष्कर्ष सहज काढला जातो, आणि मला तो चुकीचा वाटतो. परवानग्या विखुरलेल्या आणि उशिरा सुरू झालेल्या होत्या. खाडीवरील कांदळवने आणि 2005 चा न्यायालयीन आदेश 2016 मध्येही तिथेच होते. मंजुरीपूर्वी दोन वर्षे एकत्रित तपासणीला दिली असती, तर नंतरची किती वर्षे वाचली असती याचा अंदाज कोणत्याही अनुभवी अभियंत्याला बांधता येईल.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. बँकेच्या अटींमुळे परिणामांची नोंद, तक्रार निवारणाची रचना आणि पुनर्वसनाचा आराखडा लेखी स्वरूपात आला. रेल्वेच्या इतर अनेक विस्तारांच्या बाबतीत तेवढेही उपलब्ध नसते.

वेगळे काय करता आले असते

रेल्वेला अधिसूचनेत आणण्याची वाट पाहण्याची गरज राज्य शासनाला नव्हती. प्रकल्पात राज्याचा पैसा आहे. आपला वाटा देण्यापूर्वी संपूर्ण मार्गाचे मूल्यांकन आणि प्रत्येक तालुक्यात मराठीतून जाहीर सुनावणी अशी अट राज्य घालू शकले असते. मूल्यांकनाचा सारांश पाड्यापर्यंत पोहोचायचा तर तो वारलीसह स्थानिक बोलींत तोंडी सांगण्याची व्यवस्थाही हवी. शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल संकेतस्थळावर ठेवून लोकांना माहिती दिली असे म्हणता येत नाही.

मोऱ्यांच्या बाबतीत उपाय अभियांत्रिकी आहे आणि फार खर्चिकही नाही. प्रत्येक जुन्या मोरीचे माप आजच्या पावसाच्या आणि भरतीच्या नोंदींवर तपासायचे, शेजारच्या मालवाहू मार्गाची मोरी तिच्या रेषेत आहे का ते पाहायचे, आणि उघाडी चालवणाऱ्या शेतकऱ्याला त्या पाहणीत सोबत घ्यायचे. भराव पूर्ण होण्यापूर्वी हे करणे सोपे असते. रूळ टाकल्यावर मोरी रुंद करायची म्हणजे वाहतूक रोखण्याचे ब्लॉक घ्यावे लागतात, आणि मुख्य मार्गावर ते क्वचित मिळतात.

स्थानक परिसराच्या नियोजनासाठी अजूनही वेळ आहे, कारण जादा फेऱ्या सुरू व्हायच्या आहेत. सफाळे, केळवे रोड, उमरोळी आणि वाणगाव या चार स्थानकांभोवती बांधकामाची हद्द, ओढ्यांची मोकळी पात्रे, सांडपाण्याची सोय आणि पाण्याचा ठरलेला स्रोत दाखवणारे आराखडे जिल्हाधिकारी कार्यालय, नगररचना विभाग आणि त्या त्या ग्रामपंचायतींनी मिळून आताच करायला हवेत. सूर्याच्या पाण्यातला या गावांचा वाटा त्यांत आकड्यांत लिहिलेला असावा आणि नव्या वेळापत्रकाची घोषणा होण्यापूर्वी त्याला ग्रामसभांची मान्यता मिळालेली असावी.